खोल बाजूला

२८ जून

फुकट शिकवायला जाणं मला नेमकं केवढ्याला पडलं, याचा हिशेब आज बोटीवर बसल्या बसल्या मांडला. रेल्वे, जहाज, पुन्हा रेल्वे, बस आणि ही शेवटची छोटी बोट, ही पदरमोड किरकोळ आहे. खरा खर्च निराळाच. गॅलरीतले टोमॅटो: शेजारी म्हणाला, "मी घालतो पाणी," म्हणजे ते गेलेच. नात फेनाचा सहावा वाढदिवस: आमच्याकडे वाढदिवसाला गोलात खुर्च्या मांडतात, त्यात आजोबांची एक रिकामी राहणार. आणि निघताना लेक मार्लीस म्हणाली ते: "बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला घराबाहेर जायला कुठलंही कारण पुरतं." हे कुठल्या बाजूला लिहायचं ते कळेना, म्हणून सोडून दिलं.

तिला मी एवढंच म्हटलं, "पंधराव्या वर्षी तलावाची फरशी पुसायला लागलो आणि पन्नाशीला दोन तलावांचा मालक झालो. दगड सोडून सगळ्यांना पोहायला शिकवलंय. एक बेट काय जड आहे?"

३० जून

खोली दुकानाच्या वर. दुकान डेलियाचं, ती पाव, खिळे, तिकिटं आणि बातम्या विकते, बातम्या पावाआधी. तिच्याकडून समजलं की मला खरं कुणासाठी बोलावलंय.

बेटाची बोट चालवतो कोलमन. शहात्तर वर्षांचा. सप्टेंबरपासून त्याला सुकाणू धरता येणार नाही, वयाचा नियम. त्याची मुलगी माजेला बोट घ्यायला तयार आहे, इंजिन तर ती डोळे मिटून उघडते. पण बोट समितीची नवी अट आहे: अंगावर रोजचे कपडे, पायांत बूट, बोटीतून उडी आणि शंभर मीटर पोहणं. तेही शिक्का असलेल्या शिक्षकाकडे शिकून. जमलं नाही तर बोट पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला जाईल, आणि तो संध्याकाळी बोट घेऊन आपल्या घरी जाईल.

"मग रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर?" मी विचारलं.

"मग सकाळपर्यंत दुखू द्यायचं," डेलिया म्हणाली आणि मला अर्धा पाव बांधून दिला.

माजेला सेहेचाळीस वर्षांची आहे. आयुष्य पाण्यावर गेलं, पाण्यात कधीच नाही. इथे कुणीच पोहत नाही. दर्यावर्दी माणसानं पोहायला शिकणं म्हणजे समुद्राला आधीच सांगून ठेवणं, की बाबा रे, मी येणार आहे.

१ जुलै

पहिला वर्ग सकाळी दहाला. मी पावणेदहाला शिट्टी, दोरी, फळ्या घेऊन धक्क्याच्या उतारावर हजर. समोर समुद्र नव्हता. शेवाळ, दगड आणि एक कुजका खोका होता.

कोलमन बोटीचा दोर आवळत होता. वर न बघता म्हणाला, "मास्तर, दहा वाजता इथे पाणी नसतं."

"केव्हा असतं?"

"येतं तेव्हा." मग जरा कीव येऊन म्हणाला, "त्याला वेळापत्रक पाठवलं नव्हतं का तुम्ही?"

चाळीस वर्षं मी पाणी नळानं भरलं आणि नळानं सोडलं. आमच्या देशात समुद्रसुद्धा बांधापलीकडे सांगितलेल्या जागी उभा राहतो. इथला मोकाट आहे. खोलीच्या भिंतीवर भरतीचा तक्ता टांगलेला होता, मी त्याला कॅलेंडर समजलो होतो.

४ जुलै

भरतीला वर्ग. चौघी आल्या: माजेला, डेलिया, डेलियाची भावजय, आणि नोनी. नोनी अडुसष्टची, ठेंगणी, अंगावर फिकट निळा जुना पोशाख, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. तोंड मात्र कात्री.

"अहो मास्तर, मेले तर वर्गणी परत मिळते का?"

"वर्गणी नाहीये, नोनीबाई."

"बघा, म्हणजे मेलं तर नुकसानच."

बाकीच्या हसल्या. माजेला हसली नाही. कमरेएवढ्या पाण्यात तिनं दोरी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. मी म्हटलं, "सोडा." तिनं एक बोट सोडलं. तेवढाच आजचा धडा.

वर उतारावर शाळेची पोरं धावत होती. नोनीनं पाण्यातूनच आवाज दिला, "पळू नका. ओलं आहे." पोरं जागच्या जागी थबकली. म्हातारपणाचा दरारा वेगळाच असतो.

९ जुलै

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. नोनी तरंगली. चार दिवसांत, अडुसष्टाव्या वर्षी. उताणी झाली, हात पसरले आणि पाण्यावर पडून राहिली, जशी पलंगावर. मी नुसतं म्हटलं होतं, "मान सैल सोडा." नंतर पालथी होऊन चार हातही मारले, आणि श्वास बाजूला वळून घेतला. तो अजून मी शिकवलेलासुद्धा नव्हता.

"कुठून आलं हे?" मी विचारलं.

"तुमच्याकडे बघून आलं, मास्तर," ती म्हणाली. "शिकवणारा असा असला की काय."

मार्लीसला फोन करून सांगितलं. संध्याकाळी दुकानात सांगितलं. पाद्रीबाबा मेणबत्त्या घ्यायला आले होते, त्यांनाही सांगितलं, "नोनी म्हणजे माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी कमाई." पाद्रीबाबांनी डेलियाकडे पाहिलं, डेलियानं मेणबत्त्यांकडे. या लोकांना दुसऱ्याचं कौतुक चटकन तोंडावर येत नाही.

१४ जुलै

वारा नाही. सकाळपासून धुकं, आणि धुक्यातून कुठूनतरी उजेड. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघ कुणीतरी ओल्या बोटानं पुसून टाकली होती. वर्ग संपल्यावर मी एकटाच उताणा पडून राहिलो. कान पाण्याखाली गेले की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, शेजारी झोपलेल्या माणसाचा. बराच वेळ मी हललो नाही. हललो असतो तर थांबला असता.

घरांमधून जळणाऱ्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, धूर उतरून पाण्यावर बसला होता. समुद्राला चुलीचा वास येत होता.

डोळे उघडले तर नोनी उतारावर बसून विणत होती. "भिजलेला माणूस एकटा सोडू नये," म्हणाली आणि ओळ संपवून सुई बदलली.

१७ जुलै

माजेलानं दोरी सोडली. दहा मीटर. पाय जड पडतात, पण मन लावून करते. एक गोष्ट बरी आहे: नोनी नेहमी तिच्या खोल बाजूला असते. मी नोनीला किनाऱ्याच्या बाजूला बोलावतो, वय झालंय म्हणून, तर म्हणते, "मला तिकडं बरं वाटतं, दगड टोचत नाहीत."

माजेलाची जीभ आता सुटली आहे. आज म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिट्टी वाजवता ना, ती पाण्यातल्या सीलांना कळते. काल तीन आले होते वर्गाला."

"त्यांना कितपत येतं?"

"डेलियापेक्षा बरं."

२० जुलै

आज कपड्यांचा धडा घेतला. यात माझा हात कुणी धरणार नाही. आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरालाही पहिलं प्रमाणपत्र कपडे-बूट घालून पोहल्याशिवाय मिळत नाही, आणि आईबाप काठावर फोटो काढतात. चौघींना स्वेटर, पँट, बूट घालून बोलावलं. म्हटलं, "आधी उताणं पडा. कपड्यांत हवा असते, ती उचलते. हात पसरून गप पडून राहा."

पडल्या. माजेला सगळ्यांत सुरेख. गडद निळा स्वेटर, केस पाण्यावर पसरलेले, डोळे मिटलेले. वारा नव्हता, ती हळूहळू फिरत होती.

तेवढ्यात कोलमनची बोट टपाल घेऊन वळणाआडून आली. त्यानं पाहिलं आणि इंजिन बंद केलं. बोट तशीच वाहत दगडांकडे जायला लागली. मी ओरडलो. नोनी माझ्या आधी ओरडली, "कोलमन, ती जिवंत आहे. माजेला, उठ. उभी राहा, बाळ, बाबांना दिसू दे."

माजेला उभी राहिली. कोलमननं बोट सावरली, धक्क्याला लावली, टपालाची पिशवी तिथेच टाकली आणि घरी निघून गेला. किल्ली बरोबर घेऊन.

मी नोनीला म्हटलं, "जिवंत आहे ते तर दिसतच होतं."

ती रुमाल पिळत राहिली.

२१ जुलै

वर्ग नाही. कुणी आलंच नाही. बोटही नाही.

डेलिया म्हणते, कोलमननं माजेलाला पाण्यात उतरायचं नाही असं बजावलं. मला वाटलं बूट खराब झाले म्हणून रागावला असेल, चांगले चामड्याचे होते. बूट भरून देतो म्हणून निरोप धाडायला सांगितलं. डेलिया माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "निरोप मी धाडत नाही, मास्तर. तुमच्या भल्यासाठी."

२३ जुलै

नोनीनं मला चहाला बोलावलं आणि सोडा घातलेल्या पावावर लोणी लावता लावता सांगितलं. माजेलाला एक भाऊ होता, डारा. एकोणीस वर्षांचा असताना खेकड्यांचे पिंजरे उचलताना बोटीतून पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, त्याच वळणावर सापडला. उताणा. अंगात निळा स्वेटर. सापडला कोलमनलाच.

"या बेटावर कपडे घालून पाण्यात पडलेलं माणूस म्हणजे एकच असतं," नोनी म्हणाली. "तुमच्याकडे फोटो काढतात. आमच्याकडे जपमाळ हातात घेतात."

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना माहीत असतं."

लोण्याचा पाव हातात तसाच राहिला. मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, कपड्यांना भिऊ नका.

२५ जुलै

आता करायचं काय? निघून जावं असं वाटतं. म्हाताऱ्याला जाऊन काही बोलावं तर माझ्याकडे बोलण्यासारखं काय आहे? शिट्टी आहे. पण माजेला आज दुकानात भेटली आणि म्हणाली, "मास्तर, बोट गेली तर बाबा घरात बसून मरतील. आणि मी पाण्यात गेले तर बघून मरतील. तुम्ही सांगा कुठलं." असे प्रश्न मला कुणी विचारत नव्हतं, मी फरशीवाला माणूस.

कोलमननं आज टपालासाठी बोट काढली. मी पिशवी घेऊन बसलो. वाटभर त्यानं माझ्याकडे पाठच ठेवली, पण उतरताना हात दिला.

२८ जुलै

तीन दिवस भटकतोय. बस तपकिरी माळातून जाते, तळी येतात, जातात, तळ्यांत ढग असतात. एका ठिकाणी उतरलो कारण दुसरा कुणी उतरला नाही. दगडी कुंपणाच्या गल्ल्यांतून चालत राहिलो, प्रत्येक गल्लीच्या टोकाला एक गाढव आणि त्याच्यामागे समुद्र. ऊन पावसातून पडत होतं. आपण कुठून निघालो ते विसरायला होतं, आणि विसरल्याचं काही वाटत नाही.

काल गॉलवे शहरात एका तलावावर पोहलो. फरशा सरळ, पाणी सरळ, घड्याळ भिंतीवर. सगळं जागच्या जागी. मला तिथे करमलं नाही, आणि याचं मला नवल वाटलं.

३० जुलै

परतीची बोट. मी एकटाच प्रवासी.

"शहरात गेला होतात, मास्तर?" कोलमन म्हणाला.

"पोहायला गेलो होतो."

"आमचं पाणी अपुरं पडलं?"

इंजिनाच्या तालावर बेट जवळ येत होतं, मग जवळ येता येता लांब जात होतं, धुक्यामुळे. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, सुकाणूवरची नजर न काढता, "तुमच्याकडे पोरांना कपड्यांसकट का उतरवतात?"

"आमच्या घरामागेच कालवा असतो. पोर त्यात पडतं ते पोहायचा पोशाख घालून पडत नाही."

"पडतात?"

"दर हिवाळ्यात."

"मग?"

"मग बहुतेक आपलीआपण काठाला येतात. रडत. आणि आई कान उपटते, बुटांसाठी."

त्यानं बोट जरा वळवली, वळवायला काही नव्हतं तिथे. "बुटांसाठी," म्हणाला.

धक्क्यावर नोनी उभी होती. माझ्या डोक्याजवळ नाक आणून हुंगली. "क्लोरीन जास्त टाकतात मेले. डोळे चुरचुरले असतील."

चुरचुरत होतेच.

१ ऑगस्ट

भरती दुपारी. मी उतारावर एकटा बसलो होतो, कुणी येईल असं धरून नव्हतं. माजेला आली. अंगात निळा स्वेटर, पायांत पुरुषी बूट, गुडघ्यापर्यंतचे, ओबडधोबड.

"हे कुणाचे?"

"बाबांचे. सकाळी दारात काढून ठेवले होते. म्हणाले, याच्याहून जड बेटावर मिळणार नाहीत. यांत जमलं तर जमलं."

नोनी आधीच पाण्यात होती. खोल बाजूला.

१२ ऑगस्ट

चाळीस मीटर. माजेला बुटांना शिव्या देते आणि पोहते. शिव्या देताना श्वास बरोबर सुटतो, हे मी कुठल्याच प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं.

कोलमन येत नाही. वर्गाच्या वेळी तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला कुंपणाचे दगड रचतो. डेलिया म्हणते, ते कुंपण पडलेलं नव्हतंच.

२१ ऑगस्ट

परीक्षा. समितीची बाई पलीकडच्या किनाऱ्यावरून यायची होती. मी तिला अकराची वेळ दिली होती, पत्रात, अधोरेखित करून. सकाळी तक्ता पाहिला तर अकराला खाडीतून पाणी बाहेर ओढत असणार, नेमकं जोरात. पुन्हा तेच. माणूस साठीनंतर नवं शिकतो असं मी दुसऱ्यांना सांगतो.

अकरा वाजले, बोट नाही. साडेअकरा. साडेबाराला बोट आली. बाई जरा घुश्शात. कोलमन तिला हात देऊन उतरवत म्हणाला, "इंजिन कुरकुरत होतं, बाई." माजेलानं माझ्याकडे पाहिलं. ते इंजिन तिनं कालच साफ केलं होतं. आणि खाडीत आता पाणी उभं होतं, काचेसारखं, ना येत ना जात.

माजेला बोटीच्या काठावर उभी राहिली. स्वेटर, पँट, बापाचे बूट. अख्खं बेट धक्क्यावर, आणि कुणाचाही आवाज नाही. बायकांच्या हातांत जपमाळा होत्या. मी बाईला नियम समजावत होतो तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला. कोलमन आपली डांबरी होडी पाण्यात लोटून आत बसला होता.

"सोबत होडी चालेल ना?" मी बाईला विचारलं.

"हात लावला नाही तर चालेल."

वल्हवणारा माणूस जायचंय तिकडे पाठ करून बसतो. तो पुढे निघाला तसं त्याचं तोंड मागे, तिच्याकडे झालं. तिनं उडी मारली, खाली गेली, वर आली. तो वल्हं मारी, थांबे, मारी. शंभर मीटर तो तिच्या तोंडाकडे बघत वल्हवत गेला. पापणी लवली असेल तर मला दिसली नाही. मधेच कुठेतरी तिची लय तुटली, बूट भरले, हनुवटी बुडली. मी शिट्टी तोंडात धरली. कोलमन होडीतून म्हणाला, अगदी हळू, पण पाण्यावरून ऐकू आलं:

"बूट माझे आहेत गं. बुडवलेस तर कान उपटीन."

ती हसली, पाणी प्यायली, शिवी घातली आणि लय सापडली. शंभर मीटरवर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाला हात लागला तेव्हा त्यानं वल्ही आत घेतली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. बाई कागदावर काहीतरी लिहीत होती. धक्क्यावर कुणी टाळी वाजवली नाही. पाद्रीबाबांनी टोपी काढली, एवढंच.

नोनी तोवर कमरेपर्यंत पाण्यात उतरलेली होती, कपड्यांसकट. कशाला, ते विचारायचं राहिलं.

२२ ऑगस्ट

दिवसभर झोपलो. स्वप्नात तलाव होता, त्याला काठ नव्हते, आणि मी फरशी पुसत होतो.

२४ ऑगस्ट

निघालो. सुकाणूवर माजेला. कोलमन प्रवासी म्हणून बाकावर, हाताचं काय करावं ते न सुचून टोपी फिरवत बसला होता, आणि थोड्या वेळात तसाच झोपला. समुद्र दुधासारखा. बेट मागे पडत नव्हतं, नुसतं फिकट होत होतं.

मी म्हटलं, "जवळजवळ आठ आठवडे राहिलो आणि पोहणाऱ्या झाल्या दोनच. तुम्ही आणि नोनी. पण नोनी, खरं सांगतो, तशी शिष्या पुन्हा व्हायची नाही. घरी गेल्यावर लोकांना सांगणार आहे."

माजेला समोर बघतच म्हणाली, "सांगा, पण तिच्या कानावर जाऊ देऊ नका. ओशाळेल."

"का?"

"मलाही परवाच कळलं, बाबांनी सांगितलं. तुम्ही आलात त्या दिवशी ते तिच्या दारात गेले. म्हणाले, पोरगी पाण्यात जाणार, मला बघवणार नाही, तू तिच्या खोल बाजूला राहा. ती म्हणाली, राहते, पण मला येतं म्हटलं तर पोरगी लाजेल, आणि मास्तर लांबून आलेत, त्यांचा हिरमोड कशाला."

"येतं म्हणजे?"

माजेलानं इंजिन जरा हळू केलं, बाप जागा होऊ नये म्हणून.

"लग्नाआधी ती बॉस्टनला होती. तिथल्या एका तलावावर अकरा वर्षं जीवरक्षक होती."